दुसरा रिमोट

घड्याळं दुरुस्त करणारी बाई पाहायची असेल तर ताईच्या दुकानात जावं. डाव्या डोळ्याला भिंग, मानेत कायमचा बाक आणि जिभेला धार. "उद्या मिळेल का?" असं कुणी विचारलं की ती मान वर न करता सांगते, "उद्या मिळेल. चालू हवं असेल तर गुरुवारी या." गिऱ्हाईक मुकाट गुरुवारी येतं. तिच्यासारखा हात आसपास कुणाचा नाही हे तिचे वैरीही कबूल करतात, आणि वैरी तिने कमी जोडलेले नाहीत.

हा हात अण्णांकडून आला असं लोक म्हणतात. अण्णा म्हणजे तिचे वडील. दुकान त्यांचं, टेबल त्यांचं, चिमटेसुद्धा त्यांचेच. घरात मुलगा असताना मुलीला टेबलाशी बसवलं म्हणून नातेवाईकांनी त्यांना बोलून बोलून भंडावून सोडलं होतं. अण्णा एवढंच म्हणायचे, "मुलगा-मुलगी मला कळत नाही, मला हात कळतो." अण्णा गेले त्याला बारा वर्षं झाली, पण ताई हे वाक्य अजून येईल त्याला ऐकवते. दोनदा ऐकलेलं असेल त्यालाही ऐकवते.

ज्याला बसवलं नाही तो तिचा धाकटा भाऊ. घरात त्याला कासव म्हणतात. नाव ताईनेच ठेवलं, आणि ते असं चिकटलं की त्याच्या बायकोनेही लग्नानंतर महिन्याभरात उचललं. कासव आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कागदाच्या गोदामात कामाला आहे. कुठला गठ्ठा कुठे ठेवायचा ते तो सांगतो, उचलायला दुसरे असतात. स्कूटर शिकला नाही. काचेच्या वस्तूला हात लावत नाही. ताईच्या दुकानात दोन्ही बाजूंना घड्याळांची काचेची कपाटं आहेत, त्यांच्या मधून येताना तो दोन्ही हात पाठीमागे बांधून येतो, तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

मुलगी झाली तेव्हा तर त्याने कहरच केला. महिनाभर पोरीला उचललं नाही. "माझ्या हातून पडेल," म्हणायचा. दवाखान्यात ताईने आठ दिवसांची पोर त्याच्यापुढे धरली, तर हा गडी दोन पावलं मागे सरकला आणि एका बोटाने तिची टाच दाबून बघितली. सगळे पोट धरधरून हसले. ताईही हसली. हा किस्सा घरात अजून निघतो, आणि सगळ्यांत रंगवून सांगतो तो कासवच.

तर ही पोर, ताईची भाची, आता सतरा वर्षांची घोडी झाली आहे. एका गुरुवारी दुपारी ती धुळीने माखलेलं खोकं घेऊन दुकानात आली.

"आत्या, माळ्यावर काय सापडलं बघ."

खोक्यात व्हिडिओ गेमचा काळा डबा होता, दोन रिमोट, आणि तीन कॅसेट. एका कॅसेटवर छत्री उघडून हवेत लटकलेल्या माणसाचं चित्र होतं, अर्धं उडालेलं.

"रविवारी आपण तिघं खेळायचं," भाची म्हणाली. "आमच्या टीव्हीला ही वायर लागत नाही. तुझ्या मागच्या खोलीतल्या डबड्याला लागेल. फक्त हा दुसरा रिमोट बघून ठेव ना, दाबून बघितलं तर बटण अडकतंय. बाबा म्हणतात बटणाला काही झालेलं नाही, त्यांचाच अंगठा मंद आहे."

ताईने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "ठेव तिथे," म्हणाली.

"बघशील ना?"

"बघते म्हटलं ना. जा आता, कामात आहे मी."

कामाबिमात काही नव्हती. भाची गेल्यावर ती कितीतरी वेळ एकाच घड्याळाकडे बघत बसली, आणि ते घड्याळ बरं झालेलं होतं.

दीड वाजता तिने शटर अर्धं ओढलं आणि रिमोट उलटा केला. मागे पाच बारीक स्क्रू. हे स्क्रू तिने आधी एकदाच उघडले होते, अकरा वर्षांची असताना. झाकण निघालं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर रबराची चकती. बटण दाबलं की चकती पट्टीला टेकते आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो, इतकं ते साधं काम. चकती उचलली. खाली पातळ कागदाचा कपटा होता, अर्ध्या चकतीखाली बरोबर बसेल असा कापलेला. पिवळा पडला होता, पण जागचा हलला नव्हता. त्यावर पेन्सिलीने अण्णांच्या अक्षरात 'काच ब' एवढं लिहिलेलं होतं. 'काच बदलणे' मधलं. अण्णा घड्याळाचे सुटे भाग ज्या कागदात गुंडाळून ठेवायचे त्यातलाच तो तुकडा.

कागद तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. तरी एक वेडी आशा होती, की इतक्या वर्षांत तो आपोआप कुठेतरी गेला असेल.

तेव्हाची गोष्ट अशी. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, अण्णा मागच्या खोलीत खाटेवर आडवे व्हायचे आणि ही दोघं भावंडं समोर बसून 'छत्रीवाला' खेळायची. छत्रीवाला एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी घेतो. बटण वेळेवर दाबलं तर छत्री उघडते, नाहीतर गडी दोन घरांच्या मध्ये खाली. ताईचा पहिला रिमोट, कासवाचा दुसरा. तेव्हा तो अर्थात कासव नव्हता. नऊ वर्षांचा होता आणि सहा-सहा छपरं सहज ओलांडायचा. ताई तिसऱ्यावर मरायची. एका रविवारी अण्णा कुशीवर वळून त्याचा खेळ बघत राहिले आणि आईला म्हणाले, "याचा अंगठा बघितलास? हा घड्याळाचा हात आहे. सुट्टी लागली की टेबलाशी बसवतो याला."

ताई दोन वर्षं त्या टेबलाशेजारी उभी राहून अण्णांना चिमटे देत होती. कुठला चिमटा कधी लागतो हे तिला न सांगता कळायचं. तिच्याबद्दल अण्णा असं कधी काही बोलले नव्हते. ते ऐकून तिला रडूही आलं नाही. सोमवारी शाळेतून आल्यावर तिने अण्णांचा सगळ्यांत बारीक पेचकस घेतला, आणि अण्णा जेवायला घरी गेले होते तेवढ्या वेळात काम उरकलं. कागद पूर्ण चकतीखाली घातला असता तर बटण मेलंच असतं, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून अर्ध्याखाली घातला. म्हणजे बटण चालणार, पण कधी चालणार, कधी उशिरा चालणार. अकरा वर्षांची पोर, पण काम कसलं केलं होतं. आयुष्यातलं तिचं पहिलं बारीक काम ते.

एकच रविवार, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पुढच्या रविवारी धाकटा पहिल्याच छपरावरून पडला. परत पडला. बटण कचाकचा दाबायला लागला, तरी पडला. "काय रे कासवा," ताई म्हणाली, आणि अण्णा हसले. तिसऱ्या रविवारी अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याला चिमट्याने एक स्क्रू उचलायला दिला. पोर इतकं धास्तावलेलं होतं की स्क्रू खाटेखाली गेला तो सापडलाच नाही. "राहू दे," अण्णा म्हणाले. "हात मंद आहे तुझा. त्यात तुझा काय दोष." सुट्टी लागल्यावर टेबलाशेजारी छोटं स्टूल आलं ते ताईसाठी. त्यानंतर कागद काढायला हवा होता, आज काढू, उद्या काढू, आणि मग खेळच माळ्यावर गेला.

लहान होते मी, ताई स्वतःशी म्हणाली. मग तिलाच स्वतःचा राग आला. अकराव्या वर्षी लहान होतीस, मान्य. विसाव्या? तिसाव्या? अण्णा अंथरुणाला खिळून होते ते चार महिने तू रोज त्यांच्या उशाशी बसत होतीस, तेव्हा काय लहान होतीस?

आणि तरी तिने काय केलं ऐका. सेहेचाळीस वर्षांच्या त्या बाईने कागद परत चकतीखाली ठेवला आणि तीन स्क्रू आवळले. कारण कागद काढला आणि कासवाचा अंगठा चालला, तर 'मला हात कळतो' या वाक्याचं काय उरणार? चौथा स्क्रू हातात घेतल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली की उठून तोंड धुवावं लागलं. मग तिने सगळं पुन्हा उघडलं, कागद काढून टेबलाच्या खणातल्या डबीत टाकला, पट्टी पुसली, बटण दाबून पाहिलं. छान वाजलं. झालं, दुरुस्त झालं, कुणाला काही सांगायची गरज नाही. असं म्हणून तिने शटर वर केलं.

रविवारी दुपारी बापलेक आले. कासव नेहमीसारखा हात पाठीमागे बांधून कपाटांमधून आत आला. मागच्या खोलीत अण्णांची खाट होती, तिच्यावर तिघं ओळीने बसली. कॅसेटमध्ये फुंकर मारायची असते हे भाचीला शिकवण्यात पाच मिनिटं गेली. मग तीच जुनी शिट्टीसारखी धून वाजली, आणि कासव एकदम लहान पोरासारखा हसला.

ताई आधी खेळली. तिसऱ्या छपरावर मेली.

"घ्या बाबा," भाचीने दुसरा रिमोट पुढे केला.

"मला नको गं. तू खेळ. माझा हात चालत नाही, आत्याला विचार."

भाचीने रिमोट त्याच्या हातात कोंबला.

पहिल्या उडीत तो पडला. दुसऱ्या उडीतही. पण ताईला दिसत होतं तो का पडतोय. तो बटण आधीच दाबत होता. उशिरा चालणाऱ्या बटणाशी जमवून घ्यायला नऊ वर्षांच्या पोराने स्वतःच काढलेली ती युक्ती होती, आणि ती अंगठ्यात अजून तशीच होती. तिसऱ्या वेळी त्याने भुवया उंचावल्या, थोडं थांबून दाबलं, आणि छत्री उघडली. मग दुसरं छप्पर, चौथं, सातवं. त्याच्या जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. बारीक स्क्रू बसवताना अण्णांची जीभ अशीच बाहेर यायची. ताईने मान दुसरीकडे वळवली.

अकराव्या छपरावर त्याने रिमोट खाली ठेवला आणि स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, काय केलंस गं याला?"

"साफ केला. धूळ बसली होती."

"म्हातारपणी सुधारला म्हणायचा हात." तो उठला. "थांबा. चहा आज मी आणतो."

"बाबा, काचेचे ग्लास आहेत," भाची म्हणाली.

"माहीत आहे."

चहाची शेगडी दुकानाच्या पुढच्या बाजूला. तीन भरलेले ग्लास ट्रेमध्ये घेऊन तो कपाटांच्या मधून एकेक पाऊल टाकत आला, कोपरं अंगाशी घट्ट धरून. थेंब सांडला नाही. ट्रे ठेवला आणि इतका खूश होऊन हसला की भाचीने त्याचा फोटो काढला, आणि आईला सांगायला फोन घेऊन बाहेर पळाली.

ताईने चहाला हात लावला नाही. हे हसू तिने त्याला तसंच घरी नेऊ दिलं असतं तर ती वाचली असती. ती उठली, खणातली डबी आणली आणि कागद त्याच्या पुढ्यात ठेवला.

"धूळ नव्हती. हे होतं. बटणाखाली. मी घातलं होतं."

त्याने कागद उचलला. "अण्णांचं अक्षर आहे."

"हो." मग तिने सगळं सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. "तुझा हात कधीच मंद नव्हता," एवढं मात्र तिने दोनदा सांगितलं. तो कागद बोटांत फिरवत ऐकत होता.

"अण्णांना कळलं होतं?"

"नाही."

"कधीच?"

"नाही रे."

"म्हणजे ते तसंच समजून गेले," तो म्हणाला.

ताईने तीन दिवस घोकलेलं आता भडाभडा बाहेर आलं. टेबल तुझं होतं. दुकान तुझं होतं. तू म्हणशील तर उद्यापासून बस, मी शिकवते, पाटीवर तुझं नाव घालू, मी लोकांना सांगते.

"टेबलाचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "टेबल तुझंच आहे. जन्म काढलास तू तिथे. मला तर घड्याळांचा कंटाळाच होता, मला फक्त छत्रीवाला आवडायचा."

ताईला वाटलं, सुटले. तिने श्वास सोडला, चहाचा ग्लास हातात घेतला.

"दवाखान्यात तू पोरगी माझ्यापुढे धरली होतीस," तो म्हणाला. "आठ दिवसांची होती. आठवतंय?"

"हो."

"तेव्हा सांगायचं होतंस, ताई."

बाहेरून भाचीचा आवाज येत होता. ती आईला सांगत होती की खरंच, तीन ग्लास, भरलेले, आणि एक थेंब नाही. ताईने हातातला ग्लास खाली ठेवला. तो उठला. कागद त्याने खाटेवर ठेवला, रिमोटशेजारी, आणि मुलीला हाक मारत बाहेर निघाला. कपाटांच्या मधून जाताना त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.