तांडेलमामूंच्या खुणा

कबरस्तानात शिरले की तांडेलमामू एक डोळा मिटून उभे राहत. मशिदीचा मिनार आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत येईपर्यंत डावीउजवीकडे सरकत. मग वाळूत सरळ चालत जाऊन एका दगडापाशी थांबत आणि मला म्हणत, "हा दाभोळचा हसन. सलाम कर."

कतारमध्ये, दोह्यातल्या त्या कबरींवर नावं नसत. उशाला एक दगड, पायाशी एक, अशीच तिथली रीत. कोकणातून गलबतांवर येऊन इथेच बिऱ्हाड थाटलेली पहिली चार-सहा घरं त्या एका कोपऱ्यात निजली होती. मामूंची बायको आणि तीन महिन्यांची मुलगीही तिथेच. कोण कुठे, ते फक्त मामूंना ठाऊक. एके काळी ते गलबताचे तांडेल होते. समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणांनी धरतात, तशी त्या मिनार-टाकीवरून त्यांनी एकेक कबर धरून ठेवली होती.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कारकून होऊन दोह्याला आलो, तेव्हा सहा महिने मामूंच्याच खोलीत राहिलो, त्यांच्याच हातचं जेवलो. एकदा म्हटलं, "मामू, कबरींचा नकाशा काढून ठेवू?"

ते हसले. "बीए झालास म्हणून तुला कागद लागतो. जयगडच्या खडकांतून गलबत काढलं ते काय कागद बघून? यल्ला, चल, चहा टाक."

मी चहा टाकला. विषय तिथेच राहिला.

पुढे शहर वाढू लागलं. गुडघ्यांमुळे मामू वर्षभर खाटेवरच होते. त्याच सुमारास हसनचा मुलगा याकूब आगबोटीने आला. बाप गेल्यावर आई त्याला घेऊन दाभोळला परतली होती. आता तिने अंगणातली मूठभर माती रुमालात बांधून दिली होती, बापाच्या उशाशी टाकायला.

मामू काठी टेकत कबरस्तानात आले. एक डोळा मिटला. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. मिनार होता. त्यामागे नुसतं आभाळ होतं.

"टाकी कोणी काढलीन रे?"

"पाडली, मामू. मागच्याच महिन्यात."

ते दगडांमधून फिरले. एकावर हात ठेवला, उचलला, पुढे गेले. याकूब रुमाल धरून उभा होता. मला राहवेना. हळूच म्हटलं, "मामू, हाच असेल."

"असेल म्हणून कुणाचा बाप दाखवतात होय रे?" मग ते याकूबकडे वळले. "बेटा, माझी खूण गेली. तुझा बाप ह्या कोपऱ्यात आहे, एवढंच सांगतो. माती सगळ्यांवर टाक, थोडी थोडी."

याकूब एकेका दगडापाशी वाकत गेला. मामूंनी हात पुढे केला. "चिमूटभर मलाही दे." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांची माणसंही त्याच वाळूत हरवली होती.

त्या वर्षीच मामू गेले. त्याच कोपऱ्यात त्यांना ठेवलं. या वेळी मी कागद नेला होता. भिंतीपासून पावलं मोजली, खूण केली, नाव लिहिलं. शेजारी त्यांच्या बायकोचं आणि मुलीचं नाव लिहायला पेन्सिल टेकवली. पण कुठे लिहायचं, ते विचारायला कोणी उरलं नव्हतं. त्या नकाशात अजूनही एकच नाव आहे.