उलटा छापलेला डोळा

तिला सगळे सुरी म्हणायचे. हातातल्या कोरणीमुळे म्हणा, नाहीतर जिभेमुळे. दिवसभर टॅटूच्या दुकानात लोकांच्या दंडांवर गरुड नि गुलाब गोंदायचे, सुट्टीला कॅमेरा गळ्यात अडकवून माणसांचे चेहरे टिपायचे, आणि त्यातला एखादा चेहरा मनात रुतला की लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर कोरून त्याचे छाप काढायचे, हाच तिचा संसार. आई कपाळावर हात मारायची, "लोकांच्या पोरी नवरा शोधतात, ही शाई शोधते!"

यावेळी रुतला तो मावशीचा चेहरा. मावशी लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. वाफेचा जुनाट पाइप फुटला आणि तिचा डावा डोळा गेला. मॅनेजर म्हणाला, "घरीच काहीतरी लागलं असेल. इथे काही फुटलंबिटलं नाही." वर खोटारडी ठरवून कामावरून काढलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

सुरीने मावशीचा फोटो काढला होता. पण मावशीने बजावलं, "हा कुणाला दाखवलास तर याद राख. मला कुणाची कीव नको." म्हणून सुरीने तो समोर ठेवून चेहरा कोरला. दात-ओठ खात कोरला. एकेक सुरकुती, ती मिटलेली पापणी. ढीगभर छाप काढले आणि लॉन्ड्रीच्या भिंतीवर चिकटवले. खाली हाताने लिहिलेली एकच ओळ : 'हिचा डोळा तुमच्या पाइपने घेतला.'

पाळी सुटली, बायका थबकल्या. मॅनेजर बाहेर आला, पोस्टर न्याहाळून खो खो हसला.

"हिचा डावा गेला ना? इथे तर उजवा मिटलाय! आधी ठरवा तरी, कुठला ते."

सुरीने पोस्टरकडे निरखून पाहिलं. टॅटूच्या कागदाला शाई मागून लागते, म्हणून तो कातडीवर दाबला की चित्र सुलट उतरतं. लिनोवर मात्र उलटं कोरलं तरच छाप सुलट येतो. आणि हिने रागाच्या भरात, टॅटूच्या रोजच्या सवयीने फोटोतला चेहरा जसाच्या तसा कोरला होता!

"छापताना उलटलंय ते!" ती कडाडली. "चित्रातलं डावं-उजवं बरं दिसतं तुम्हाला, फुटका पाइप बघताना मोतीबिंदू होतो काय?"

पण बायकांनी माना खाली घातल्या. एक पुटपुटली, "चला गं, उगाच आपल्यावर यायचं."

सुरी तडक मागच्या गल्लीत मावशीकडे गेली. ऐकून मावशी भडकली, "एक गेलाच होता, तू दुसराही मिटवलास की!"

"चुकलं माझं. आता फोटो लावू दे."

"नाही म्हटलं ना!"

"मग खोटारडीच म्हणतील तुला. सगळ्यांसमोर म्हणाला तो."

"सगळ्यांसमोर?" मावशीने काळा चष्मा चढवला, पायात चपला सरकवल्या. "चल."

मॅनेजर पोस्टरं ओरबाडत होता. मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, चष्मा उतरवला.

"साहेब, बघा. कुठला गेला?"

निघालेल्या बायका मागे वळल्या. मॅनेजर खिशातला मोबाइल चाचपू लागला.

"पोरी, काढ फोटो," मावशी म्हणाली. "आमचा दोघांचा."

सुरीने कॅमेरा उचलला. मॅनेजरने झटकन पंजा तोंडावर धरला.

"मी चष्मा काढलाय," मावशी गरजली, "तू हात काढ!"