तिरकं गोठलेलं दूध

माझी मावशी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दुधाची खोली सांभाळायची. एकवीस वर्षं. मी तिच्या हाताखाली लागले तेव्हा मला वाटलं, घरचं माणूस आहे, जरा सांभाळून घेईल. कसलं काय. पहिल्याच दिवशी तिने मला तीनदा हात धुवायला लावले आणि तिसऱ्या वेळी कोपरापर्यंत का नाही धुतले म्हणून सगळ्यांदेखत झापलं. मीही नाकावर राग घेऊन जन्मलेली, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

ती खोली म्हणजे लांबलचक बोळाच्या टोकाला एक बिनखिडकीची जागा. स्टीलचं टेबल, सिंक, दोन फ्रिज आणि कोपऱ्यात घुमणारा मोठा डीप फ्रीझर. पावडरचं दूध करायचं काम माझ्याकडे होतं: उकळलेलं पाणी फार निवायच्या आत, वाफ निघत असतानाच त्यात पावडर घालायची, मग बाटली गार पाण्याखाली धरायची, आणि दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. आयांचं दूध मावशीकडे. प्रत्येक बाटलीवर खाटेचा नंबर, आईचं नाव, तारीख आणि वेळ. जुनी बाटली पुढे, नवी मागे. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, म्हणजे नाहीच. बाळाच्या तोंडची उरलेली बाटली परत ठेवायची नाही. आणि शंका आली की ओतून द्यायचं. इस्पितळाच्या एका बड्या साहेबांच्या नातीचं दूध तिने बाटलीवर वेळ लिहिलेली नाही म्हणून त्यांच्यासमोर सिंकमध्ये ओतलं होतं. वॉर्डात तिला सगळे घड्याळबाई म्हणत, आणि ती आली की हसू आवरत.

त्या दिवसांत तीन नंबरच्या खाटेवर एक किलो शंभर ग्रॅमचं बाळ होतं. त्याची आई रोज दुपारी एकला चाकाच्या खुर्चीवरून आमच्या खोलीत यायची आणि दूध काढून ठेवायची. मावशी स्टुलावर तिच्याशेजारी बसून राहायची. एरवी कुणाशी दोन शब्द जास्त न बोलणारी मावशी तिच्याशी काय बोलायची कोण जाणे, मी तेव्हा जेवायला गेलेली असायचे. नवव्या दिवशी ती आई गेली. रक्तस्राव थांबला नाही, एवढंच आम्हाला कळलं. फ्रीझरमध्ये तिच्या चौदा बाटल्या राहिल्या. बाळाचं आतडं इतकं नाजूक होतं की डॉक्टर पावडरच्या दुधाचं नाव काढू देत नव्हते. रोज एक बाटली वितळवून नळीने थेंब थेंब द्यायची, असं ठरलं. बाप बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. आम्ही दिसलो की उभा राहायचा आणि किती राहिल्या, एवढंच विचारायचा.

एका सकाळी मावशीने फ्रीझर उघडला आणि तशीच थांबली. तीन नंबरच्या बाटल्या नेहमी शिस्तीत उभ्या. त्यांतल्या दोन भिंतीला टेकून कलल्या होत्या. तिने त्या टेबलावर सरळ ठेवल्या, तरी आतलं दूध तिरकंच राहिलं. एका बाजूला झाकणाशी चढलेलं, दुसऱ्या बाजूला खाली उतरलेलं, दगडासारखं घट्ट. म्हणजे ते कधीतरी वितळलं होतं आणि कललेल्या बाटलीत पुन्हा गोठलं होतं. तापमानाच्या नोंदीत काही फरक नव्हता, वीज गेलेली नव्हती. बाकीच्या बाटल्यांतलं दूध सपाट होतं. फ्रीझरच्या किल्ल्या दोनच, एक मावशीच्या गळ्यात आणि एक मोठ्या सिस्टरच्या कपाटात. मावशीने दोन्ही बाटल्या ओतून दिल्या. मला रडू आलं. मेलेल्या बाईचं दूध ते, पुन्हा कुठून येणार होतं?

दुसऱ्या सकाळी आणखी दोन. दोन्ही तीन नंबरच्याच. इतर आयांच्या बाटल्यांना कुणी शिवलेलंही नव्हतं.

मग कुजबुज सुरू झाली. सफाईवाल्या बाई एकट्या त्या खोलीत यायला तयार होईनात. म्हणाल्या, दुपारी मी बोळ पुसत होते तर आत दोन बायका बोलत होत्या, दार ढकललं तर मावशी एकटीच. मी त्यांना वेड्यात काढलं. पण खरं सांगते, त्यानंतर फ्रीझरकडे पाठ करून उभं राहायला मला नको वाटायचं.

मावशी भुताखेतांतली नव्हती. तिने सकाळी रोजची बाटली काढून घेतली, फ्रीझरच्या दारावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही केली. पुढच्या सकाळी पट्टी शाबूत होती, सही तिचीच होती. आत दोन बाटल्या भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांतलं दूध तिरकं होतं. मावशीने त्याही ओतल्या आणि नवी पट्टी लावली. त्या दिवशीची बाटली काढल्यावर मागे पाच राहिल्या.

त्या दुपारी मी जेवायला निघाले, पण जेवणात मन लागेना म्हणून अर्ध्यातून उठले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मावशीचा आवाज आला, हळू, समजावणीचा. मी फटीतून पाहिलं. मावशीने पट्टी सोलली, गळ्यातली किल्ली लावली आणि दोन बाटल्या काढून कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात आडव्या घातल्या. मग स्टुलावर बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. इतक्या मायेने तिने माझ्याकडे जन्मात पाहिलं नव्हतं. कितीतरी वेळ मला हलताच आलं नाही. दूध वितळलं तशी मी आत गेले आणि काय करतेस, असं विचारलं.

"बाळाची वेळ झाली," ती म्हणाली. "त्याची आई आत्ताच सांगत होती, भूक लागलीय म्हणून."

"मावशी, ती गेली."

तिने बाटल्या पुसल्या, फ्रीझरमध्ये भिंतीला टेकवल्या, दार लावलं, नवी पट्टी चिकटवली आणि सही केली. मग वळली आणि मला पाहून दचकली. "इतक्यात जेवलीस?" तिने विचारलं. तो तिचा रोजचा, खडूस आवाज होता.

चोर पकडायला डोळ्यात तेल घालून बसलेली बाई स्वतःच रोज दुपारी ते करत होती आणि तिला ठाऊक नव्हतं. गप्प बसावं, बाकीच्या बाटल्या लपवाव्यात, तिची नोकरी वाचवावी, हे सगळं एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं. मग ते एक किलोचं बाळ आठवलं. मी तिला समोर बसवलं आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. फ्रीझर उघडून अजून न गोठलेल्या दोन बाटल्या दाखवल्या.

तिने दोन्ही बाटल्या हलवून पाहिल्या. मला वाटलं चिडेल, मला खोटं पाडेल.

"मी हात धुतले होते का?" तिने विचारलं.

नव्हते धुतले. तसं मी सांगितलं. तिच्याशी त्या बाबतीत खोटं बोलणं मला जमलं नसतं.

तिने हात धुतले, कोपरापर्यंत. मग पाचही बाटल्या काढल्या. तीन सपाट होत्या, त्या ठेवू, असं मी विनवलं. त्यांना मी कधीच हात लावला नाही, असं तू सांगू शकतेस का, असं तिने विचारलं आणि गोठलेल्या बाटल्यांवर गरम पाणी सोडलं. पाचही सिंकमध्ये ओतल्या. किल्ली तिने स्वतः मोठ्या सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. डॉक्टरांनी बाळाला तपासलं. पोट मऊ होतं, ताप नव्हता. दुसऱ्या इस्पितळाच्या मिल्क बँकेतून तपासलेलं दूध संध्याकाळपर्यंत येणार होतं, त्यामुळे बाळ उपाशी राहणार नव्हतं.

बापाला मी सांगते, असं मी म्हटलं. मावशीने ऐकलं नाही. ती बाकापाशी गेली, तो उभा राहिला. तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुमच्या बायकोचं दूध माझ्या हातून गेलं, आता एकही बाटली राहिली नाही. त्याने तोंडावर हात घेतला आणि खाली बसला. ती त्याच्याजवळ उभी राहिली. मग मी तिला हाताला धरून आत आणलं, चहा दिला.

चहा अर्धा झाला असेल. मावशीने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या बाळाच्या बापाला कुणी सांगितलं का गं? माझं मलाच सांगायला हवं."

मी तोंड उघडेपर्यंत ती बोळात पोचली होती. मी मागे धावले. तिने त्याच्यासमोर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्याच शब्दांत, आणि या वेळी तिचे डोळे भरून आले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो उठून उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ते सगळं ऐकून घेतलं.