सात दहाची गोळी

आमच्या हिच्या मामांपेक्षा वेळेला जास्त भिणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. मी पाटबंधारे कार्यालयात तलावांच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे मोजल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. हे विधान मोजलेलं नाही, तरी करतो. मामांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि निवृत्त होऊन नेकनूरजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. मामींनी चहा ठेवला की ते 'चहा किती वाजता सुटणार' असं विचारतात. पाहुणा निघाला की 'आत सरका, आत सरका' करत त्याला अंगणापर्यंत पोचवतात. त्यांच्यावर लिहितो म्हटल्यावर एकच अट घातली. "गोळीचं लिवा, गाडीचं लिवा, आमच्या रोगाचं बी लिवा. नाव कावून लिवायचं? तिकिटावर कुठं नाव आस्तंय?" म्हणून नाव लिहीत नाही.

रोग म्हणजे एचआयव्ही. अकरा वर्षांपूर्वी खोकला हटेना, वजन सोळा किलोनं उतरलं, तेव्हा तपासणीत निघाला. कसा झाला हे मी कधी विचारलं नाही. मामींनी विचारलं असेल तर ते त्या दोघांतच राहिलं. मामींची तपासणी केली ती स्वच्छ निघाली आणि आजपर्यंत दरवेळी स्वच्छ निघते आहे. गोळ्या सुरू झाल्यावर वर्षभरानं मामांच्या रक्तातले विषाणू इतके कमी झाले की यंत्राला सापडेनात. या रिपोर्टाला मामा 'कोरा' म्हणतात. त्या वेळी बीडच्या एआरटी केंद्रातल्या, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथल्या, डॉक्टरांनी सांगितलं, की रिपोर्ट असा कोरा राहिला तर तुमच्यापासून काकूंना लागण होणार नाही, आणि तो कोरा ठेवायचा तर गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. मामांनी हे वाक्य ड्यूटीच्या हुकमासारखं घेतलं. त्यांचा पुढचा सगळा विक्षिप्तपणा त्या एका वाक्यातून आला आहे.

गोळीची वेळ संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. सातच का नाही, तर सात ही ढोबळ वेळ झाली आणि ढोबळ वेळेची गाडी नेहमी उशिरा सुटते, असा त्यांचा अनुभव. तिकीट द्यायची यंत्रं आली तेव्हा जुने तिकिटांना भोक पाडायचे चिमटे भंगारात निघाले. मामांनी आपला चिमटा साहेबांकडून मागून घेतला होता. दर महिन्याला ते पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापतात, कडेनं एक ते तीस किंवा एकतीस आकडे लिहितात, आणि गोळी गिळली की त्या दिवसाच्या आकड्यावर कट्कन भोक पाडतात. आधी गोळी, मग भोक. उलटं केलं तर ते 'पैसे न घेता तिकीट दिल्यासारखं' होतं. माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मंगलाष्टकं लांबली, भटजींना पाचवं कडवं आठवेना, आणि सात दहाला मामांच्या खिशातला गजर वाजला. उजव्या हातात अक्षता होत्या. त्यांनी डाव्या हातानं गोळी तोंडात टाकली, शेजारच्या व्याह्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, आणि भर मांडवात चिमटा वाजवला. व्याह्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीत असेल. त्यांनीही अक्षता टाकून दिल्या.

गोळ्यांची बाटली मामांच्या जुन्या चामडी पिशवीत असते. बरेच लोक ओळखू येऊ नये म्हणून बाटलीवरची चिठ्ठी खरवडतात किंवा गोळ्या कागदात बांधून ठेवतात. मामांनी तसं कधी केलं नाही. बाटलीतली ओल शोषणारी पुडीसुद्धा ते फेकू देत नाहीत. तिला 'क्लीनर' म्हणतात. स्वतः काही कमवत नाही, पण गाडी कोरडी ठेवतो. बाटली उन्हात नाही, चुलीजवळ नाही, दुसऱ्याच्या हातात नाही. केंद्रात रांगेत बसले की त्यांची जीभ सुटते. एकदा शिरूर कासारची एक बाई ऊसतोडीला निघाली होती आणि दोनच महिन्यांच्या गोळ्या उरल्या होत्या. तिला त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि कारखान्याजवळच्या केंद्रावर गोळ्या मिळतील असं पत्र घ्यायला लावलं. आणखी एकानं विचारलं, काल गोळी राहिली, आज दोन घेऊ का? मामा म्हणाले, "गाडी उशिरा सोडायची, पर दोन गाड्या एकदम न्हाई सोडायच्या. हटकून घाटात आडकत्यात." समुपदेशक ताई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, काका, माझा पगार तुम्हीच घ्या.

नेकनूरच्या आठवडी बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. त्याच्या फलकावरच्या एकवीस रोगांत मामांचाही रोग होता. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि पाऊण तास चौकशी केली. पुडी कधी घ्यायची, विसरली तर काय, रक्त कुठं तपासायचं, कोरं नाही निघालं तर कुणाला धरायचं. शेवटी त्या माणसानं हात जोडले आणि पुढच्या बाजारी चार दुकानं पलीकडे जाऊन बसला. मामा कुणाच्या सांगण्यावरून साधी आल्याची वडीसुद्धा खात नाहीत. अपवाद एकच. माझा.

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिलं पाहिजे. गेल्या होळीला मामांचे गुडघे फार दुखत होते. एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिल्याचे गुडघे ते. मी त्यांना चुन्याचा उपाय सांगितला. खायचा चुना, गव्हाच्या दाण्याएवढा, पाण्यात विरघळवून, रोज एकदा. कार्यालयातले चार जण घेत होते, त्यातल्या तिघांना गुण होता आणि चौथ्यानं अजून सुरू केला नव्हता. मी एवढा काटेकोर, की 'गव्हाच्या दाण्याएवढा' हे माप मला कच्चं वाटलं. घरच्या गव्हातला ना मोठा ना बारीक असा एक दाणा निवडला, कार्डावर डिंकानं चिकटवला, खाली 'प्रमाण' असं लिहिलं आणि मामांना दिलं. त्यांनी ते भिंतीवर पट्टीशेजारी टांगलं. जावई शिकलेला आहे, असं मामींना दोनदा म्हणाले.

दिवाळीनंतर वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. मी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून बरोबर गेलो होतो. रिपोर्टावर आकडा होता, एक हजार आठशे चाळीस. मी आयुष्यभर आकड्यांत बसलो, पण कोऱ्या जागी आलेला हा आकडा मी तीनदा वाचला. ताईंनी मऊ आवाजात विचारलं, काका, गोळ्या राहतात का? मामांनी चामडी पिशवी उघडली, आठ महिन्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर एकावर एक मांडल्या आणि चष्मा पुसत बसले. एकही आकडा भोकावाचून नव्हता. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीत एकदाही विनातिकीट प्रवासी सापडला नव्हता. ताईंनी समजावलं की तीन महिने नीट लक्ष देऊ आणि पुन्हा तपासू. तेव्हाही आकडा राहिला तर औषध बदलावं लागेल का ते डॉक्टर ठरवतील. परतीच्या गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले. कंडक्टरनं सुट्टे परत द्यायला उशीर केला, तरी मान वळवली नाही.

घरी आल्यावर जे झालं ते मामींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. एका ताटात जेवल्यानं, एका घरात झोपल्यानं हा रोग होत नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला अकरा वर्षं बजावणाऱ्या माणसानं त्या दिवशी आपलं ताट वेगळं घेतलं आणि ओसरीवर जाऊन जेवायला बसला. मामी आपली भाकरी-आमटी घेऊन तिथंच गेल्या. मामा सरकले, त्याही सरकल्या. असं सरकत दोघं ओसरीच्या टोकाला आल्यावर मामी म्हणाल्या, "आता फुडं गटार हाय. कुठवर न्यायची गाडी?"

मला स्वस्थ बसवेना. मनात एक वाईट शंकाही आली होती: भोकं खरी, पण गोळी खरी का? गेल्या खेपेला नव्वद गोळ्या मिळालेल्या, त्याला सत्तेचाळीस दिवस झालेले. मी बाटल्यांतल्या गोळ्या मोजल्या, त्रेचाळीस निघाल्या. पुन्हा मोजल्या, त्रेचाळीस. मामा समोर बसून पाहत होते. म्हणाले, "मोजा. चेकर आला म्हणून कंडक्टरनं रागावायचं नस्तंय." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग मी ठरवलं, की सात दहाला स्वतः समोर बसायचं.

पहिल्या संध्याकाळी रस्त्यात टायर बसला, मी पोचेपर्यंत भोक पडलेलं. दुसऱ्या दिवशी वेळेत पोचलो. सात पाचला मामांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. डबीतून चुना बोटावर घेतला, भिंतीवरच्या माझ्या कार्डाजवळ जाऊन दाण्याशी मापला, थोडा जास्त वाटला म्हणून परत डबीला पुसला, आणि पेल्यात ढवळला. सात दहाला गजर झाला. गोळी तोंडात, वरून तो पांढुरका पेला, मग कट्. जेवण अजून व्हायचं होतं. मी विचारलं, चुना आणि गोळी एकदमच? मामा म्हणाले, "दोन पाशिंजर एकाच थांब्याचे. दोन गाड्या कावून सोडायच्या?"

मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण आठ महिन्यांत एकच गोष्ट बदलली होती आणि ती मी बदलली होती, एवढा हिशेब मला लगेच कळला. दुसऱ्या दिवशी कार्ड, चुन्याची डबी आणि मामा, तिन्ही घेऊन केंद्रात गेलो. डॉक्टरांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. दाण्याकडे पाहताना त्यांच्या ओठाची कड हलली, पण हसले नाहीत. चुना म्हणजे कॅल्शियमच, ते म्हणाले; ही गोळी पोटात त्याला धरून बसते आणि रक्तात पुरती उतरत नाही. लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची औषधं यांचंही तसंच. कुणाला ती खरोखर लागलीच तर जेवणाबरोबर की किती तासांच्या अंतरानं, ते आम्ही सांगतो. चुन्यामुळेच झालं असं आज खात्रीनं सांगणार नाही, पण चुना आजपासून बंद, आणि गोळीला एक दिवसही खाडा नको. मग मामांना विचारलं, दरवेळी आम्ही विचारतो, दुसरं काही औषध चालू आहे का, तेव्हा का नाही सांगितलं? मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाले, "चुन्याला आमी औषदात धरलं न्हवतं. आन् सांगणारा घरचा हाय."

बाहेर बाकावर बसल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. मामांनी हातानंच थांबवलं. पिशवीतून चिमटा काढला, माझं कार्ड घेतलं, दाण्याच्या बरोबर बाजूला भोक पाडलं आणि ते माझ्या हातात दिलं. "ह्ये तिकीट संपलं. पाकिटात ठिवा. पुन्ना कुणाला काई सांगायचं आसलं तर आदी ह्ये बघा." तिथून घरी जाताना चुन्याची डबी त्यांनी नेकनूरच्या फाट्यावरच्या पानवाल्याला देऊन टाकली.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते आमच्या हिला विचारा. तलावांच्या नोंदीत माझ्या हातून दोन चुका झाल्या, बावीस वर्षांतल्या पहिल्या. मामांना बहुतेक हे कळलं असावं, कारण त्याच आठवड्यापासून सात दहाला माझा फोन वाजू लागला. दोनदा वाजायचा आणि बंद व्हायचा. पहिल्या दिवशी मी घाबरून परत लावला, तर मामा वैतागले. म्हणाले, डबल बेल म्हणजे गाडी सुटली, एवढं कळत नाही का. तेव्हापासून मी सात वाजताच हात धुऊन फोनसमोर बसू लागलो. ओसरीवरचं ताटही तोवर आत आलं होतं; मामींनी ते त्यांना न विचारता आत नेलं होतं.

माघातल्या एका सोमवारी रिपोर्ट आला. कोरा. मामांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, मागं काही लिहिलं नाही ना म्हणून. मग मामींना फोन लावून फक्त 'सीट मोकळी हाय' एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मी म्हणालो, आता रोज बेल द्यायची गरज नाही. ते म्हणाले, "बेल माज्यासाटी न्हाई देत मी. डायवरला कळाया नको व्हय, की मागं कुणीतरी हाय?"

मामा आता एकाहत्तरचे आहेत. गुडघे दुखतातच, बीडच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ते खांबाला धरून, गाडीत उभे असल्यासारखे करतात. भोक पडलेलं कार्ड माझ्या पाकिटात आहे. फोन रोज येतो. परवा सात दहाला आला नाही. सात बाराला नाही. सात चौदाला मी गाडीची किल्ली घेतली आणि चपला घातल्या. ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हात पुसत उभी राहिली. सात सतराला फोन वाजला. एकदा, दोनदा, आणि बंद झाला. मी चपला काढून होत्या तिथं ठेवल्या.