हिंचका आणि माझी टाच

कट् असा आवाज झाला आणि माझ्या उजव्या पायाचं प्लास्टर घोट्यापाशी तडकलं. ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. हिंचका, म्हणजे आमचा घरातला झोपाळा, पुढे गेला, पाय फरशीला अडकून मागे राहिला. अशी कळ निघाली की ओरडताही आलं नाही. झोका आमच्या ह्यांनीच दिला होता.

चूक माझीही होती. लग्नापासून संध्याकाळचा चहा आम्ही दोघं हिंचक्यावर बसून पीत आलो. बडोद्यात आल्यावर भांड्यांच्याही आधी हिंचका घेतला होता. "पाय वर धर, हळूच झुलवतो," हे म्हणाले. मी बरं म्हटलं. अर्धांगवायूने गेलेला पाय वर धरून राहत नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दुखण्यानंतर दोन वर्षांत माझं पाऊल आत वळलं होतं. टाच वर, बोटं मुडपलेली. चालताना करंगळीच्या कडेवर भार यायचा, तिथे जखम झाली. पाय सैल करायच्या इंजेक्शनचा गुण तीन महिने टिकायचा. शेवटी डॉक्टरांनी टाचेमागची आखडलेली नस, म्हणजे स्नायूची दोरी, लांब केली, आणि पाऊल आत ओढणारी पुढची नस अर्धी चिरून बाहेरच्या बाजूला बसवली. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. आता ती नस तुटली असेल तर टाच टेकायची आशा सोडायची. मला एवढंच हवं होतं, कोणाचा हात न धरता बाथरूमला जाणं.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. "माँजी, हिंचक्यावर कोणी बसवलं?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"काका, तुमचेपण पाय बांधू का?"

"बांधा," हे म्हणाले. हसलं कोणी नाही.

टाके उसवले होते. नस शाबूत होती. नवं प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पहिल्यापासून मोजायला सांगितले.

घरी आल्याआल्या ह्यांनी हिंचक्याच्या कड्या काढल्या आणि पाट माळ्यावर टाकला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मला धरून उभं केलं. हे खाली बसले आणि लाइटचं बिल माझ्या टाचेखाली सरकवून पाहिलं. ते जाईना.

"टेकली," हे म्हणाले.

"मला कळतंय. फरशी गार आहे."

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांचं हृदय बंद पडलं. आधी मीच जाणार, असं सगळे धरून चालले होते. हिंचका माळ्यावरच आहे. हे गेले, मी आहे. बाथरूमला एकटी जाते.