उघड्या जिप्सीतला खोकला

ताडोबात पहाटे उघड्या जिप्सीत बसताना गाइडने ब्लँकेट पुढे केलं, तर आमचे हे म्हणाले, "आम्ही नारायण पेठेतले. थंडीचं आम्हाला सांगू नका." खोकला पुण्याहून सोबत आणला होता, ते मात्र सांगितलं नाही.

तळ्याच्या वळणावर वाघीण बसली होती. "अजिबात आवाज नको," गाइड कुजबुजला. ती उठली आणि सरळ आमच्याच दिशेने चालू लागली. नेमकी तेव्हाच यांच्या घशात खरखर सुरू झाली. मी शालीचा बोळा करून यांच्या तोंडावर दाबला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कंठमणी वरखाली व्हायला लागला. तरी बोळा काढायची हिंमत नव्हती. अखेर गाइड "गेली" म्हणाला आणि हे पोटातून खोकले.

आता पेठेत कुणीही भेटलं, की हे वाघिणीचे पट्टे, चाल, डोळे रंगवून सांगतात. मला मात्र दिसला तो फक्त यांचा कंठमणी. अजूनही हे खोकले, की माझा हात आधी शालीकडे जातो.