मागे वळवलेली तोफ

डेरिक होल्रॉइडला आमच्या क्लबात सगळे खुळा म्हणतात. म्हणणारे कोण, तर दर रविवारी चर्चमागच्या मैदानात रिमोटवर रणगाडे पळवणारे साठीचे बाप्ये. माझा नवरा कीथ त्यातलाच. मी कडेला टेबल टाकून चहा आणि बेकन-पाव विकते, त्यामुळे कुणाला किती अक्कल आहे ते मला जवळून दिसतं.

प्रत्येकाला टायगर हवा असतो. हातभर लांबीचा, मोठ्या तोफेचा जर्मन रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या बाप-चुलत्यांचे रणगाडे त्या टायगरने जाळले, त्यांचीच पोरं आता त्याला मऊ ब्रशने रंग लावत बसतात. ह्याला काय म्हणावं? डेरिकने मात्र एकच रणगाडा बांधला, बापाचा शर्मन, म्हणजे आपल्या फौजेने चालवलेला अमेरिकन रणगाडा. त्याची सगळी झाकणं बारीक बिजागरीवर उघडतात.

त्याचा बाप हर्बर्ट त्या युद्धात फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत, शर्मनची तोफ चालवायचा. घरी युद्धाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण डेरिकने तो छोटा शर्मन जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा त्याची तोफ जराशी उजवीकडे वळलेली होती. म्हाताऱ्याने ती बोटाने बाजूला सारली आणि मग बोलायला लागला. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागला तेव्हा तोफ अशीच, पुढच्या उजव्या झाकणावर आडवी आली होती. त्या झाकणाखाली त्याचा सोबती लेन बसायचा. आग लागली, तोफ वळवणारं यंत्र बंद पडलं. हाताने चक्र फिरवलं असतं तर तोफ सरकली असती. हर्बर्ट वरच्या झाकणातून उडी मारून वाचला. लेन खालून झाकण ढकलत राहिला आणि ते तोफेला अडत राहिलं.

तेव्हापासून डेरिकचा एक नेम आहे. खेळात पुरेसा मार बसला की रणगाडा 'मरतो': धूर सोडतो, रिमोटचं ऐकत नाही. जेवणं उरकली की सगळे मेलेले पुन्हा चालू, तो भाग वेगळा! तर शर्मन मेला की डेरिक मैदानात जातो आणि हाताने तोफ झाकणावरून बाजूला करतो. पण खेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत मैदानात पाय ठेवायचा नाही, असा क्लबाचा नियम. आमचा सेक्रेटरी नायजेल माईकवरून ओरडतो, "पेटली शेगडी! निघाले डेरिकसाहेब विझवायला!" लोक खिदळतात. उकळतं पाणी हातात असताना मी स्वतःला कशी आवरते ते माझं मला माहीत.

यंदा गावच्या जत्रेत आमचा खेळ होता, त्या सकाळी नायजेलने माझ्या टेबलाशीच त्याला गाठलं. पुन्हा मैदानात घुसलास तर क्लबातून नाव काढीन म्हणाला. बायको गेल्यापासून डेरिकला हा क्लब सोडला तर बोलायला माणूस नाही, हे नायजेलला ठाऊक होतं. डेरिक "बरं" म्हणाला आणि शर्मन उचलून मैदानाकडे गेला.

खेळ सुरू झाला आणि डेरिकचा शर्मन उतरला तो तोफ पार मागे वळवून. पुढची दोन्ही झाकणं मोकळी.

"पळ काढताय की काय, डेरिकसाहेब?" नायजेल माईकवरून बोंबलला.

शर्मन सरळ पुढे चालत राहिला. एकदाही तोफ डागली नाही. कुंपणाआडून एक टायगर निघाला, त्याने धडाधड मारा केला, आणि शर्मन धूर सोडत थांबला. तो टायगर आमच्या कीथचा. लाज नसलेला माणूस हात उंचावून नाचला.

डेरिक खुर्चीतून उठला नाही.

नायजेल माईक ठेवून तरातरा आला. "अरे, लढायचं तरी होतंस. अशी तोफ मागे ठेवून दरवेळी हरणारच की तू."

"हरू दे," डेरिक म्हणाला. "लेन बाहेर पडला."

"कोण लेन?"

इतकी वर्षं ह्या माणसाने माईकवरून त्याची टिंगल केली, आणि तू तोफ का हलवतोस एवढं एकदाही विचारलं नव्हतं. संताप संताप झाला माझा. मी नायजेलसाठी भरलेला चहा त्याच्यादेखत गवतात ओतला.

शिट्टी झाली. डेरिक मैदानात गेला, गुडघ्यावर बसला आणि नखाने उजवं झाकण उचललं. ते पूर्ण उघडलं.